‘सोडणे’ : एक मराठी अर्थ आणि अनेक इंग्रजी शब्द
(राळेगाव येथे प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



इंग्रजीच्या तासाला फळ्यावर शब्दार्थांचे दोन रकाने आखले जातात, हे दृश्य खेड्यातील कोणत्याही शाळेत पाहावयास मिळते. डाव्या रकान्यात ‘लीव्ह’, ‘क्विट’, ‘व्हेकेट’, ‘अबॅंडन’, ‘डिझर्ट’ असे शब्द ओळीने उतरतात आणि उजव्या रकान्यात ‘सोडणे’, ‘सोडून देणे’, ‘सोडून जाणे’, पुन्हा एकदा ‘सोडणे’. मुले ते इमानेइतबारे वहीत उतरवून घेतात, घोकतात आणि चाचणीत गुणही मिळवितात. घोटाळा पुढे उघड होतो. आठवीनववीत गेलेला तोच विद्यार्थी पुरावर निबंध लिहितो आणि त्यात पोलिसांनी गावकऱ्यांना ‘अबॅंडन’ केले असे लिहून मोकळा होतो. पोलिसांनी लोकांना गावातून सुरक्षित स्थळी हलविले, असे त्याला म्हणावयाचे असते. वाचणाऱ्याला मात्र कळते ते असे की, पोलिसांनी लोकांना पुरात वाऱ्यावर सोडले. एका शब्दाने पोलीस गुन्हेगार ठरले! दोष त्या मुलाचा नाही. उजव्या रकान्यात जे होते तेच त्याने वापरले.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिल्या इयत्तेपासूनच इंग्रजी शिकविले जाते. त्यामुळे हा प्रश्न आता केवळ माध्यमिक शाळेतील इंग्रजीच्या शिक्षकाचा राहिलेला नाही. जो शिक्षक सकाळी परिपाठ घेतो, मग गणित घेतो आणि दुपारी परिसर अभ्यास शिकवितो, त्याच्याच शिरावर तो आलेला आहे. पहिली-दुसरीच्या मुलांना ‘अबॅंडन’ आणि ‘इव्हॅक्युएट’ शिकवावयाचे आहेत, असा याचा अर्थ नाही. प्राथमिक वर्गास ‘गो’, ‘लीव्ह’ आणि ‘स्टार्ट’ एवढे पुष्कळ झाले. परंतु एखाद्या कुटुंबातील एका माणसाची ओळख करून देताना त्याचे भाऊबंद कोण, हे ओळख करून देणाऱ्यास ठाऊक असावे लागते.

प्रथम मराठीकडेच पाहिले पाहिजे, कारण मुलाची खरी शिदोरी तीच आहे. मराठीत ‘सोडणे’ या एकाच शब्दावर भागते, असे समजणे हा त्या भाषेवर अन्याय होय. माणूस निघतो, उठतो, सटकतो, पसार होतो, पोबारा करतो, परागंदा होतो, काढता पाय घेतो, रामराम ठोकतो, बिऱ्हाड हलवितो, चंबूगबाळे आवरतो, गाशा गुंडाळतो. यातील कोणताही शब्द दुसऱ्याच्या जागी बसत नाही. पाहुण्यांनी गाशा गुंडाळला, असे यजमान म्हणत नाही. म्हटलेच तर ते नको असलेल्या पाहुण्याविषयी. गाशा म्हणजे घोड्याच्या खोगिरावरचे कापड. घोडी गेली, खोगिरे गेली. पण मुक्काम नाइलाजाने आवरून जाण्याची छटा त्या शब्दात टिकून राहिली. दहा वर्षांच्या मुलाला ही छटा कोणी शिकविलेली नसते, तरी ‘गुरुजी काढता पाय घेऊन घरी गेले’ असे वाक्य ऐकताच तो हसतो. हे हसू म्हणजे त्याच्या भाषाज्ञानाचा दाखला आहे. इंग्रजीतील छटा शिकवावयाच्या त्या याच जाणिवेच्या आधाराने.

निरोपाच्या वेळची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. मराठी घरात उंबऱ्यावरून पाऊल टाकताना कोणी ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. धाकट्याने चुकून ‘जातो’ म्हटले तर आजी लगेच ‘येतो म्हणावं बाळा’ असे बजावते. ‘जाणे’ हा शब्द मृत्यूसाठी वापरला जातो, म्हणून तो टाळावयाचा. दुकान बंद न करता ‘वाढवावयाचे’, दिवा न विझविता ‘मालवावयाचा’, त्यातलाच हा प्रकार. याचे शब्दशः इंग्रजी करून मूल ‘आय कम’ म्हणाले, तर समोरच्या इंग्रजी बोलणाऱ्यास तो निघाला आहे की आत येत आहे हेच कळणार नाही. तेथे ‘आय मस्ट गो’ किंवा ‘आय मस्ट बी गोइंग’ असेच म्हणावे लागते, आणि त्यात अशुभ काही नाही, हेही मुलाला सांगावे लागते. तालुक्यातील कोलाम पोडांवर शिकविणाऱ्या शिक्षकांनी तर आणखी एक पाऊल मागे जावे. घरातून निघताना मूल आपल्या बोलीत आईला काय म्हणते, हे आधी त्याच्याकडून ऐकून घ्यावे, मग मराठी ‘येतो’ व त्यानंतर इंग्रजी. तीन भाषांमध्ये उभे असलेले ते मूल अनेकदा शिक्षकापेक्षाही चटकन भेद ओळखते.

आता ‘लीव्ह’. या शब्दाशी थोडे रेंगाळणे आवश्यक आहे, कारण तो दिसतो तितका सरळ नाही.

प्राचीन इंग्रजीत या क्रियापदाचा मूळ अर्थ ‘जाणे’ असा नव्हताच. ‘मागे राहू देणे’ असा होता. माणूस निघून गेला, हे त्यातून पुढे निघालेले अनुमान. म्हणूनच पुस्तक टेबलावर ‘लीव्ह’ करावयास सांगितले म्हणजे ते तेथेच राहू द्यावयाचे असते. म्हणूनच पाच आंब्यांतून दोन खाल्ल्यावर ‘थ्री आर लेफ्ट’, म्हणजे तीन उरतात. वजाबाकी शिकविताना हा शब्द मुलांच्या कानांवर सहज पडू शकतो, आणि तेथेच त्याचा पाया घातला तर पुढील गोंधळ टळतो. ‘लीव्ह’ची दृष्टी जाणाऱ्याच्या वाटेकडे नसून मागे राहिलेल्या जागेकडे असते. ‘गो’ची दृष्टी याच्या उलट. कोठे जावयाचे, हे ‘गो’ सांगतो. कोठून सुटलो, हे ‘लीव्ह’ सांगतो. मुलांना वर्गात उभे करून हा भेद अंगाने शिकविता येतो. एका मुलाने खिडकीपासून दारापर्यंत चालावे. खिडकीजवळच्या मुलांनी ‘ही लेफ्ट द विंडो’ म्हणावे, दाराजवळच्या मुलांनी ‘ही इज गोइंग टु द डोअर’ म्हणावे. एकच चाल, दोन वाक्ये.

येथे एका छोट्या शब्दाने मोठी उलथापालथ होते. ‘द बस लेफ्ट यवतमाळ’ म्हणजे बस यवतमाळहून निघाली. ‘द बस लेफ्ट फॉर यवतमाळ’ म्हणजे बस यवतमाळला निघाली. मराठीत हे काम ‘हून’ आणि ‘ला’ हे प्रत्यय करतात व ते नामाला चिकटलेले असल्यामुळे सहसा गाळले जात नाहीत. इंग्रजीतील ‘फॉर’ मात्र सुटा असतो आणि घाईत गळून पडतो. राळेगावच्या बसस्थानकावर उभ्या असलेल्या माणसाला असा निरोप चुकीचा मिळाला, तर बस आपल्याकडे येत आहे की आपल्यापासून दूर जात आहे, हेच त्याला समजणार नाही. शिवाय मराठीच्या सवयीने मुले ‘लीव्ह फ्रॉम द हाऊस’ असे लिहितात. घर, गाव, शाळा यांपैकी काही सोडले असे म्हणावयाचे असता ‘लीव्ह’ला मध्ये ‘फ्रॉम’ लागत नाही. जी जागा सोडली ती थेट कर्म म्हणून येते. गाडी अमुक फलाटावरून सुटेल असे सांगताना ‘फ्रॉम’ येतो, तो अपवाद मागाहून सांगितला तरी चालेल.

‘सुटणे’ या मराठी शब्दानेही गंमत केलेली आहे. गाडी सुटते, शाळाही सुटते. गाडी सुटली याचे ‘द बस लेफ्ट’ होते. परंतु शाळा सुटली याचे ‘द स्कूल लेफ्ट’ केले, तर इमारत चालू लागल्याचे चित्र उभे राहते. ‘स्कूल इज ओव्हर’ असेच म्हणावयास हवे. आणि ‘माझी गाडी सुटली’ या वाक्यात तर बोलणारा निघालाच नाही, तो मागे राहिला; त्याचे इंग्रजी ‘आय मिस्ड द बस’. एका मराठी क्रियापदाची ही तीन इंग्रजी रूपे वर्गात सांगितली, तर रकाना पद्धतीचा फोलपणा मुलांना निराळा समजावून द्यावा लागत नाही.

उच्चाराचाही एक धोका आहे, आणि तो वऱ्हाडातच नव्हे तर साऱ्या महाराष्ट्रात आहे. राहणे या अर्थाचा ‘लिव्ह’ ऱ्हस्व आणि सोडणे या अर्थाचा ‘लीव्ह’ दीर्घ. ‘मी राळेगावात राहतो’ हे सांगताना मूल ‘आय लीव्ह इन राळेगाव’ म्हणते, तेव्हा ते आपले गावच सोडून देते. मराठी बोलण्यात इकाराचे ऱ्हस्वदीर्घत्व फारसे अर्थ बदलीत नाही, म्हणून कान तयार नसतो. हा भेद लिहून शिकविता येत नाही. तो रोज थोडा थोडा बोलूनच शिकवावा लागतो.

रजेचा ‘लीव्ह’ हा वेगळाच शब्द आहे. त्याचे मूळ ‘परवानगी’ या अर्थाच्या प्राचीन इंग्रजी शब्दात आहे. दोन निरनिराळे शब्द कालांतराने एकसारखे दिसू लागले, एवढेच. विशेष म्हणजे मराठीतील ‘रजा’ हा अरबीतून आलेला शब्दही मुळात ‘संमती’ असाच आहे. ‘टेक लीव्ह’ म्हणजे निरोप घेणे. जाणाऱ्याने राहणाऱ्याची अनुमती मागावयाची, ही रीत दोन्हीकडे सारखीच. शिक्षकाचा किरकोळ रजेचा अर्ज हा या जुन्या शिष्टाचाराचाच वारसा होय, मग तो मंजूर होवो वा न होवो.

‘डिपार्ट’ हा शब्द दप्तरातला व वेळापत्रकातला. घरगुती बोलण्यात तो शोभत नाही. ‘माझा भाऊ मामाकडे डिपार्ट झाला’ म्हणणे म्हणजे ‘माझ्या बंधूंनी मातुलगृही प्रस्थान ठेविले’ म्हणण्यासारखे आहे. मुळात त्याचा अर्थ ‘विभागणे, वेगळे करणे’ असा होता, आणि तो अर्थ ‘डिपार्टमेंट’ या शब्दात अजून शाबूत आहे. आपल्याकडे ‘शिक्षण विभाग’ म्हणतात तो त्याचाच नेमका अनुवाद. मराठीत ‘प्रस्थान’ हा शब्द त्याच्या जवळ येतो. पालखी निघते तेव्हा तिचे प्रस्थान होते. ‘प्रस्थान ठेवणे’ अशीही एक चाल होती. मुहूर्तावर निघणे शक्य नसेल तर एखादी वस्तू आधी दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवावयाची, म्हणजे निघाल्यासारखे झाले! आगाऊ आरक्षणाच्या या काळात मुलांना ही चाल सांगितली तर ती नक्कीच रस घेतील.

‘क्विट’ या शब्दाची कथा मात्र वर्धा नदीच्या पलीकडच्या तीराशी, म्हणजे राळेगावच्या अगदी शेजाराशी जोडलेली आहे. शिक्षकांनी ती पुरती समजून घ्यावी.

१९२८ साली सायमन आयोग आला तेव्हा ‘सायमन गो बॅक’ अशी घोषणा झाली. ही घोषणा युसुफ मेहेरअली यांची, असे मानले जाते. ‘गो बॅक’ हे नुकत्याच आलेल्या माणसाला म्हणावयाचे असते. आला त्या वाटेने परत फीर, एवढाच त्याचा आशय. चौदा वर्षांनी प्रसंग बदलला. १४ जुलै १९४२ रोजी काँग्रेस कार्यकारिणीने वर्धा येथे ठराव केला आणि ब्रिटिश सत्तेने हिंदुस्थानातून निघून जावे अशी मागणी केली. त्या इंग्रजी ठरावात शब्द होता ‘विथड्रॉवल’, म्हणजे पुढे केलेला हात मागे घेणे. ठरावाला हा सभ्य, मोजून वापरलेला शब्द ठीक होता. लोकांच्या ओठांवर बसावयास मात्र तो जड होता. घोषणा कोणती असावी याचा विचार झाला, तेव्हा ‘गेट आउट’ हे उद्धट म्हणून गांधीजींना रुचले नाही, राजगोपालाचारी यांनी सुचविलेले ‘रिट्रीट’ वा ‘विथड्रॉ’ हेही पसंत पडले नाहीत, आणि अखेर मेहेरअली यांनी ‘क्विट इंडिया’ असे कोरलेले धनुष्य गांधीजींना भेट दिले, अशी हकीकत सांगितली जाते. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत गवालिया टॅंक मैदानावर त्या लढ्याला मान्यता मिळाली. मेहेरअली त्या साली मुंबईचे महापौर होते.

हा शब्द इतका अचूक का बसला? ‘क्विट’चे मूळ लॅटिनमधील ‘शांत, मोकळा’ या अर्थाच्या शब्दात आहे. ‘क्वाएट’ हा त्याचाच सख्खा भाऊ. ऋणातून, दाव्यातून, हक्कातून मोकळे होणे असा त्याचा मार्ग आहे. हिशेब फिटला म्हणजे इंग्रजीत दोघे ‘क्विट्स’ होतात. न्यायालयाने निर्दोष सोडले म्हणजे ‘अक्विट’ केले. आणि कायद्यात ‘नोटिस टु क्विट’ म्हणजे मालकाने भाडेकरूस जागा सोडण्याची दिलेली सूचना. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात हे शब्द आहेत आणि ब्रिटिशांनीच तो येथे लागू केला होता. ‘गेट आउट’ हे दाराबाहेर घालविणाऱ्याचे शब्द. ‘रिट्रीट’ हा हरलेल्या सैन्याचा शब्द. ‘क्विट’ म्हणजे घर आमचे आहे, तुमची मुदत संपली, हक्क सोडा व मोकळे व्हा. त्यात शिवी नाही, पण विनवणीही नाही. वर्धा ठरावात असेही स्पष्ट केले होते की, सत्ता काढून घेणे म्हणजे प्रत्येक इंग्रज माणसाने हा देश शरीराने सोडून जाणे नव्हे. मागणी हक्क सोडण्याची होती, आणि हक्क सोडणे हाच तर ‘क्विट’चा गाभा. मराठीत ‘चले जाव’ ही हिंदी घोषणाच रूढ झाली. तिच्यात हुकमाचा कडकपणा आला. जागेच्या मालकीची छटा मात्र इंग्रजी शब्दातच राहिली. १६ ऑगस्टला वर्धा जिल्ह्यातील आष्टी आणि तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातील चिमूर येथे जे घडले, त्यात लोकांनी या शब्दासाठी रक्त सांडले. पाठ्यपुस्तकातील ‘छोडो भारत’ची ओळ शिकविताना एवढी पार्श्वभूमी सांगितली तर भाषा आणि इतिहास हे दोन वेगळे तास राहत नाहीत.

आज ‘क्विट’ नोकरी, खेळ, व्यसन यांसाठीही वापरला जातो. तंबाखू ‘क्विट’ करता येते. गाव ‘क्विट’ करणे आता क्वचितच ऐकू येते.

‘व्हेकेट’ आणि ‘इव्हॅक्युएट’ यांत रिकामेपणाची कल्पना आहे. सुट्टीचे ‘व्हेकेशन’ आणि रिक्त पदाची ‘व्हेकन्सी’ ही त्याच घराण्यातील. भाडेकरू खोली ‘व्हेकेट’ करतो. वर्धा नदीला पूर आला म्हणजे काठचे गाव ‘इव्हॅक्युएट’ केले जाते. येथे हलविणारा कोणी वेगळा असतो आणि तो रक्षणासाठी हलवितो. आरंभी सांगितलेल्या निबंधातील मुलाला हवा होता तो हा शब्द.

‘अबॅंडन’ याच्या अगदी विरुद्ध टोकाला आहे. जुन्या फ्रेंचमध्ये एखाद्याला दुसऱ्याच्या ताब्यात, त्याच्या मर्जीवर सोपवून देणे असा त्याचा अर्थ होता. आता तो ताबा कोणाचाच नसतो; वस्तू वा माणूस दैवावर टाकून दिला जातो. ज्याची जबाबदारी होती त्यानेच ती टाकली, ही बोच त्यात असते, निदान माणसांच्या बाबतीत. ओसाड गावाविषयीही हा शब्द येतो, आणि या बाबतीत विदर्भातील मराठी इंग्रजीला मुळीच हार जाणार नाही. महसुली दप्तरात नाव आहे, शेते आहेत, पण वस्ती नाही, अशा गावाला येथे ‘रिठ’ म्हणतात. दुसरा शब्द ‘बेचिराख’. अनेकांना त्यात राख दिसते. वस्तुतः तो फारसी ‘बेचिराग’ आहे, म्हणजे जेथे दिवा लागत नाही असे गाव. ‘अबॅंडन्ड व्हिलेज’ या इंग्रजी शब्दजोडीत सोडून जाणारी माणसे दिसतात. ‘बेचिराग’ या एका शब्दात मागे उरलेला अंधार दिसतो. कोणती भाषा श्रीमंत, असा वाद येथे घालू नये. पण मराठी शिक्षकाने हा शब्द मुलांना सांगावाच.

‘डिझर्ट’मध्ये कर्तव्यभंग असतो. पलटण सोडून पळणारा शिपाई ‘डिझर्टर’. पत्नीला टाकणारा पती तोच दोष करतो, आणि १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमात ‘डिझर्शन’ला कायदेशीर अर्थ आहे: वाजवी कारणावाचून आणि दुसऱ्याच्या संमतीवाचून केलेला त्याग. जाणूनबुजून केलेली उपेक्षाही त्यात मोडते. म्हणजे घराचा उंबरा ओलांडला नाही तरी माणूस ‘डिझर्ट’ करू शकतो! उच्चाराची खूण अशी की, क्रियापदात जोर दुसऱ्या अवयवावर येतो. वाळवंट या अर्थाच्या ‘डेझर्ट’मध्ये तो पहिल्यावर असतो, आणि जेवणानंतरच्या गोड पदार्थाचा उच्चार मात्र क्रियापदासारखाच होतो. या तिघांची गल्लत मोठमोठ्यांकडूनही होते.

पळण्याचे शब्द चौथीच्या वर्गाला विशेष उपयोगी आहेत, कारण तेथे शिवचरित्र आहे. १६६६ च्या ऑगस्टमध्ये महाराज आग्र्याहून निसटले, त्या प्रसंगाला मराठी पुस्तके ‘आग्र्याहून सुटका’ म्हणतात. ‘पलायन’ म्हणत नाहीत. याला केवळ अभिमान म्हणून बाजूस सारता येत नाही. इंग्रजीत ‘फ्ली’ म्हणजे भयाने पळणे, आणि ‘एस्केप’ म्हणजे बंधनातून युक्तीने बाहेर पडणे. ‘एस्केप’च्या मुळाशी अंगावरच्या झग्यातून निसटण्याची कल्पना असल्याचे मानले जाते, पकडणाऱ्याच्या हाती झगा राहतो, माणूस जातो. पहारे जागच्या जागी राहिले आणि ज्याच्यासाठी ते होते तो गेला, या घटनेला याहून समर्पक शब्द मिळणे कठीण. येथे ‘फ्ली’ वापरणारे भाषांतर व्याकरणाने शुद्ध असले तरी इतिहासाने अशुद्ध ठरेल.

राहिला तो शाळेच्या दप्तरातला शब्द, आणि शिक्षकाच्या दृष्टीने तोच सर्वांत जोखमीचा आहे.

‘शाळा सोडल्याचा दाखला’ याला इंग्रजीत ‘लीव्हिंग सर्टिफिकेट’ म्हणतात. वऱ्हाडातील पालक त्याला ‘टीसी’ म्हणतात, म्हणजे ‘ट्रान्सफर सर्टिफिकेट’. दोहोंत फरक आहे. पहिल्या नावाची नजर सोडलेल्या शाळेवर आहे. दुसऱ्या नावात मुलाला एकीकडून दुसरीकडे वाहून नेण्याची कल्पना आहे, म्हणजे पुढची शाळा गृहीत धरलेली आहे. २००९ चा बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यात मुलाला दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क असून मुख्याध्यापकाने हा दाखला ताबडतोब द्यावयाचा आहे, आणि तो येण्यास उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश नाकारावयाचा नाही. पालकांच्या तोंडचे नाव अधिनियमाच्या आशयाला अधिक जवळचे आहे, असे म्हणावे लागते.

दाखला न नेताच जे मूल येईनासे होते त्याला इंग्रजीत ‘ड्रॉप आउट’ म्हणतात आणि मराठी अहवालात ‘गळती’. इंग्रजी शब्दात मूल आपणहून बाहेर पडते. मराठी शब्दात ते गळते. आणि गळती असते ती नेहमी भांड्याला. पाण्याला कोणी दोष देत नाही, छिद्र शोधले जाते. सरकारी भाषेने निवडलेल्या थोड्याच शब्दांविषयी असे समाधान व्यक्त करता येईल.

परंतु जिल्ह्याच्या पुसद-उमरखेड भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची किंवा कामासाठी हंगामापुरती परमुलुखात जाणाऱ्या अन्य कुटुंबांची मुले या दोन्ही शब्दांत बसत नाहीत. त्यांच्यासाठी ‘मायग्रेट’ हा शब्द आहे. हंगामी पक्ष्यांसाठीही हाच शब्द वापरतात, आणि त्यात परत येणे अभिप्रेत असते. हजेरीपटावर अशा मुलापुढे ‘शाळा सोडली’ असा शेरा पडला की त्याचा शोध तेथेच थांबतो. ‘आईवडिलांबरोबर ऊसतोडीस, अमुक तालुक्यातील अमुक गावी, उन्हाळ्यात परत’ असा शेरा पडला तर त्या गावच्या शाळेला कळविता येते, मागे राहणाऱ्या मुलासाठी हंगामी वसतिगृहाचा विचार करता येतो, आणि बरोबर जाणाऱ्यास शिक्षण हमी कार्ड देता येते. ते कार्ड कुटुंब निघण्यापूर्वी मुलाच्या हाती पडावयास हवे. ट्रक एकदा सुटला की ते कोणत्या फडावर उतरले, हे बहुधा मुकादमालाच ठाऊक असते.